वारुळाची जागा

महाड,
बुधवार, २० ऑगस्ट

प्रिय नागूदादा,

सप्रेम जयभीम. वहिनीला जयभीम, अनुष्काला पापा. यापुढे ‘इकडे सर्व ठीक आहे’ असं लिहायची रीत आहे. ते वाक्य मी जरा बाजूला ठेवते, मग बघू.

हे पत्र अश्विन तुझ्या हातात देईल. बायकोच्या भावाच्या दारात उभं राहून काय बोलावं हे माझ्या नवऱ्याला लग्नापासून सुचलेलं नाही. तो पायपुसण्यावर पाय घासत राहील. त्याला आत घे, चहा दे, आणि पत्र वाचून होईपर्यंत काही विचारू नकोस. माझा नंबर तू एप्रिलपासून ब्लॉक केलास, त्याचाही केलास. काल इथल्या सिस्टरच्या फोनवरून लावला तेव्हा उचललास, माझं ‘दादा’ ऐकलंस आणि कट केलास. सिस्टर कुठली, हे विचारायला तरी थांबायचं होतंस.

आधी चांगलं सांगते. मला तसंच सांगता येतं.

रविवारी महाडला रानभाजी महोत्सव झाला आणि तिथे आपल्या गटाचा सत्कार झाला. हो, त्याच गटाचा. चौदा एप्रिलला तू आलास, आईला केंद्रावर वरच्या वाडीतल्या राहीबाईशेजारी भाजी निवडताना बघितलंस, आणि जेवलाही नाहीस. ‘गोड बोलून राबवतील, आणि ज्या दिवशी काही बिघडेल त्या दिवशी बौद्धवाडी आठवेल त्यांना,’ असं म्हणून पाहुण्यांसमोर चपला घालून निघून गेलास. ते वाक्य आईनं तेव्हा हसण्यावारी नेलं. मला मात्र ते सुपारीच्या खांडासारखं दातात अडकून बसलं होतं.

तरी तुला एकदा नीट सांगायचंच होतं की आम्ही काय केलं. वरच्या वाडीतली नीला, राहीबाईची सून, आणि मी, आम्ही दोघींनी पोलादपूरच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली, तेच हे केंद्र. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, जे त्या आठवड्यात रानात असेल तेच ताटात. नाचणीची भाकरी, पळसाची पत्रावळ, प्लास्टिकचा चमचासुद्धा नाही. बिरवाडीत खोल्या करून राहणारी कंपनीतली पोरं रविवारी बसनं येतात, घरचं मिळतं म्हणून. आणि नियम आमचे कडक. मूळ उपटायचं नाही, कोंब सगळे खुडायचे नाहीत, कंटोलीच्या प्रत्येक वेलावर दोन फळं पिकायला सोडायची. एका बाईनं वेल ओरबाडून आणला तर आईनं तिला भर चौकात असं झापलं की ती पुढच्या वेळी मला दाखवायला खुडलेल्या वेलाचा फोटो काढून घेऊन आली. दोन वाड्यांच्या बायका एका चुलीवर. आपल्या आजीला सांगितलं असतं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

महोत्सवात लांबलांबचे गट होते. तळीयेकडच्या बायका नाचणीचे लाडू घेऊन आल्या होत्या, सव गावच्या एकीनं कुळथाची पिठी आणली होती. आमच्यापुढे रांग लागली. टाळ्या झाल्या, शाल दिली, फोटो निघाले. फोटोत आई नाही. ती मागे भिंतीला टेकून बसली होती, आणि मी तिच्यावर चिडले होते म्हणून तिला बोलवायला गेले नाही.

आता सांगते, दादा. आई इथे महाडला इस्पितळात आहे. रविवारी दिवेलागणीनंतर उलट्या आणि जुलाब सुरू झाले ते रात्रभर थांबले नाहीत. सोमवारी पहाटे जीपमधून आणलं. शेजारच्या खाटेवर राहीबाई आहे. तिला वरच्या वाडीतून दुसऱ्या गाडीनं आणलं, तेच सगळं तिलाही.

उठू नकोस. बूट शोधू नकोस. पुढचं वाच, नाहीतर चुकीच्या माणसावर रागावून येशील.

नवीन रानभाजी पहिल्यांदा वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या तोंडात पडते, तिनं बरी म्हटली की मग बाकीच्यांनी खायची, ही आपली चाल तुला ठाऊकच आहे. गटात दोन वाड्या, म्हणून दोन म्हाताऱ्या. राहीबाई तिकडची, आई इकडची. आजवर दोघींची दोन ताटं असायची. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण असायची. रविवारी महोत्सवात, रांग लागायच्या आधी, नीलानं गडबडीत एकच पत्रावळ मांडली. मी ते बघून दुसरी पत्रावळ आणायला वळलेच होते. राहीबाई खाली बसली, तिनं आईकडे बघितलं, आणि त्याच पत्रावळीतला घास उचलला. जिनं तुला लहानपणी ओटीवर पाय ठेवू दिला नव्हता, ती बाई. नीलानं माझा हात धरला होता, तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. तुला खोटं वाटेल पण आमचा खरा सत्कार शालीच्या आधीच झाला होता.

पत्रावळीत अळंबी होती. श्रावणातली पहिली. राहीबाईनं स्वतः आणलेली, स्वतः चिरलेली, टोपात तिखट-खोबरं घालून शिजवलेली. ‘घे गो येसू, माझ्या हातची,’ म्हणत तिनं आईला परत वाढलं. दोघींनी चांगले चार-पाच घास खाल्ले. आम्ही टोप उचलून पुढे न्यायला वाकलो, तेवढ्यात आईनं राहीबाईच्या कानाशी काहीतरी विचारलं. राहीबाई काही बोलली नाही. आणि आई उठली, पदर सावरला, आणि पायानं टोप लवंडला. सगळी अळंबी मातीत. वर त्यावर राखेची पाटी उपडी केली.

काय गहजब झाला असेल तो तूच समज. पाहुणे यायला थोडा वेळ उरलेला. वरच्या वाडीची एक जण माझ्या पाठीमागे पुटपुटली की एका पानात घेतलं की हे असं होतं, अन्नाला पाय लावला बाईनं. मी आईवर खेकसले. तिनं फक्त, ‘पाय घसरला,’ एवढंच सांगितलं. पाय घसरलेला माणूस राखेची पाटी शोधत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं. आई म्हणाली शिळं सुकट. राहीबाईनंही तेच सांगितलं. दोघी कण्हत होत्या, पण गोष्ट एकच, शब्दाला शब्द. मला वाटलं खरंच कुठे सुकट खाल्लं असेल.

काल सकाळी आई उठून बसली. उलटी नाही, पोटात कळ नाही. चहा मागितला, सिस्टरला तिच्या वेणीवरून चिडवलं. मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन वडापाव खाऊन आले. परत आले तर तिनं मला जवळ बसवलं, कोणाला सांगायचं नाही, माझ्या गळ्याची शपथ म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

अळंबी वारुळावर उगवते, दरवर्षी त्याच वारुळावर. आणि ज्याचं त्याचं वारूळ ठरलेलं. ती जागा कोणी कुणाला सांगत नाही, सुनेला नाही, शेजारणीला तर नाहीच. राहीबाईचं वारूळ वर कड्याच्या अंगाला आहे. तिचे गुडघे गेलेत. नीला तिला दोनदा म्हणाली होती, आत्या जागा सांगा, मी जाऊन येते. पण नाही. सासूनं तिला सांगितली होती ती सासू मरताना, मग ही जिवंतपणी कशी सांगेल? काठी टेकत स्वतःच गेली, अर्ध्या वाटेत पाय थकले, आणि तिथेच झाडाखाली तशीच पांढरी छत्री दिसली. दिसायला तशीच. तिनं ओटी भरून आणली.

वारुळावरच्या अळंबीला खाली लांब मूळ असतं, मातीत खोल गेलेलं. आईला घास खाताना चव थोडी वेगळी लागली म्हणून तिनं राहीबाईच्या कानाशी एवढंच विचारलं होतं, ‘मूळ किती खोल निघालं गो?’ आणि राहीबाई गप्प बसली. त्या गप्प बसण्यावरून आईला कळलं.

मी विचारलं, मग तिथेच ओरडली का नाहीस? घशात बोट घालून काढलं का नाहीस?

‘खात्री नव्हती,’ आई म्हणाली. ‘आनि बाय माझ्या पानातून पैल्यांदा जेवली. त्याच घासाला मी इख म्हनू? सगल्या तालुक्यादेखत?’

दादा, तू आत्ता काय म्हणतोयस ते मला इथे ऐकू येतंय. एका घासाच्या मानासाठी, असंच ना? मलाही राग येतो. रात्री तिच्या उशाशी बसून मी तिचा खूप राग केला. पण टोप पुढे गेला असता तर त्या रांगेतली किती पोरंबाळं आज या खाटांवर असती, हा विचार आला की मी उठून तिचं पांघरूण सारखं करते. मी आणि नीलानं एकेकीला फोन करून विचारलं, कोणी टोपात बोट तरी बुडवलं होतं का. कोणी नाही. आईनं कोणाला वेळच दिला नाही.

शपथ मी मोडली. उठून सरळ डॉक्टरांकडे गेले आणि अळंबी म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. तरुण आहेत, बिचारे दोन रात्री झोपलेले नाहीत. म्हणाले, हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला तुला लिहायला सगळ्यात जड जातंय. ही जात अशी असते की आधी उलट्या-जुलाब, मग एक दिवस माणसाला अगदी बरं वाटतं, माणूस हसतो, चहा पितो. आणि त्याच दिवसात आत लिव्हर नासत असतं. बरं वाटतंय यावर विश्वास ठेवू नका, म्हणाले.

तेव्हापासून मला आईच्या हसण्याची भीती वाटते. ती कण्हत होती तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. आता ती पाय हलवत बसलेली असते, राहीबाईला चिडवते की तुझ्या अळंबीत खोबरं कमी होतं, दोघी हसतात, आणि मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून उभी राहते. तिचे डोळे पिवळे दिसतायत का म्हणून मी तिच्या तोंडाकडे इतकं बघते की तिनं विचारलं, काय लागलंय गो माझ्या तोंडाला.

काल दुपारी सयाजी आला, राहीबाईचा मुलगा. त्याला नुसतं एवढंच कळलं होतं की त्याच्या आईनं आमच्याबरोबर एका पानात खाल्लं आणि आजारी पडली. वाडीत कोणीतरी भरवलं असणार. पॅसेजमध्ये उभा राहून ओरडायला लागला, तुमच्या हातचं खाऊन माझ्या आईची ही दशा, केंद्र बंद करतो, एकेकीवर केस घालतो. बाकीच्या पेशंटची माणसं बघायला लागली. दादा, मला तुझं वाक्य आठवलं. एप्रिलमधलं. मी तुझ्यासारखी नाही, मला तोंडावर बोलता येत नाही, मी नुसती पदर तोंडात धरून उभी. वाटलं, झालं, एवढंच होतं आपलं सगळं. शेड, चूल, शाल, एका दुपारी सगळं संपलं.

आणि आतून राहीबाई उठून आली. हाताला सलाईन, सिस्टर मागून बाटली धरून धावतेय.

‘अळंबी मी आनली,’ ती म्हणाली. ‘माज्या हातानं खुडली, माज्या हातानं रांधली. येसूनं टोप लाथाडला म्हनून तुझी पोरं घरी जित्ती हायत. आता वरडायचं तर माज्यावर वरड.’

सयाजी तिथेच बाकावर बसला. मग त्यानंच तिला धरून खाटेवर नेलं. संध्याकाळी परत आला तेव्हा शहाळी दोन होती, आणि एक त्यानं आईच्या खाटेशी ठेवलं. केंद्राचं पुढे काय होईल ते माहीत नाही. नीला म्हणते तिनं सगळ्यांना बोलावून खरं सांगायचं ठरवलंय, आणि अळंबी ताटातून कायमची काढायची. लोक येतील का, ठाऊक नाही. मला आत्ता त्याची काळजी करायला जागाच उरलेली नाही.

शपथ मोडली म्हणून आई दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती. तोंड भिंतीकडे. काल सांजेला तिनं आपणहून हाक मारली. मी खुश होऊन गेले. म्हणाली, वाक जरा, कान इकडे आण. मी वाकले. आणि ती सांगायला लागली, ‘खालच्या पऱ्ह्याला लागून जी ऐनाची दोन झाडं हायत ना, त्याच्या पल्याड...’

मला आधी कळेना काय सांगतेय. मग कळलं. ओढ्यापलीकडची तिच्या वारुळाची जागा. दादा, ती आपल्याला कधी सांगितली नाही तिनं, तू एवढा हट्ट करायचास तरी नाही. आजीनं तिला कधी सांगितली होती ते तुला आठवतं ना? त्या रात्री आपण दोघं दाराबाहेर बसलो होतो.

मी दोन्ही हातांनी कान दाबले. खोलीभर माणसं असताना मी लहान मुलीसारखी कान दाबून ‘नको नको’ करत उभी राहिले. आई चिडली. म्हणाली, तुझ्या पोटात तसंही काय ऱ्हात नाय, सकालीच बघितलं. ऱ्हाव दे. नाग्याला सांगेन.

त्यावर मला म्हणाली की नाग्याला बोलवू नको, तो येऊन भांडेल. आणि पाचच मिनिटांनी विचारते, कळव्यावरून यायला किती वेळ लागतो. तूच काय ते समज.

आज सकाळी रिपोर्ट आला. लिव्हरचा आकडा चढलाय, दोघींचाही. इथे जमणार नाही, मुंबईला हलवा म्हणाले. कागदपत्रं होतायत. अश्विनला मी मिळेल त्या पहिल्या एसटीनं पुढे पाठवतेय, कारण त्याच्याशिवाय तुझ्यापर्यंत पोचायला मला दुसरा रस्ता नाही. ॲम्ब्युलन्स दुपारपर्यंत निघेल. पाऊस धो-धो आहे, सावित्री काठाला लागली आहे, आणि महामार्गाचे खड्डे तू बघितलेच आहेस. गाडी कुठे अडकली तर काय, हा विचार मी दर मिनिटाला करते आणि दर मिनिटाला पाण्याकडे बघून येते. दोघी एकाच गाडीतून येतील. सयाजी दुसरी गाडी बघत होता, पण राहीबाई म्हणाली येसूबरोबर जाईन नाहीतर जाणार नाही. इस्पितळाचं नाव अश्विनजवळ आहे. तू फाटकाशी थांब. दार उघडलं की आधी कोणती म्हातारी पुढे येईल ते मला सांगता येत नाही. जी येईल तिला धर.

तू ‘मी सांगितलं होतं’ म्हणशील तर म्हण, मला म्हण, पण पॅसेजमध्ये, आईसमोर नको. आणि ते पुरतं खरंही ठरलं नाही, हे तुझ्या मनाला कळेल तेव्हा कळेल.

आता एकच मागते, आणि हे अश्विनला माहीत नाही. आई तुला बघितलं की जवळ बोलावेल. वाक म्हणेल. पऱ्ह्यापासून सुरुवात करेल. दादा, ऐकू नकोस. तू जन्मात तिचं काही ऐकलं नाहीस. ती शाळेत जा म्हणाली तर पोहायला गेलास, नोकरी गावात बघ म्हणाली तर कळवा गाठलंस, जेवून जा म्हणाली तर चपला घातल्यास. तेवढंच आणखी एकदा कर. तिला म्हण, मला नाय ऐकायची जागा, पुढच्या श्रावणात तू चालत येऊन दाखव. ती रडेल, शिव्या देईल, तरी ऐकू नकोस. भांड तिच्याशी. मोठ्यानं भांड. तिच्या पोटात ती जागा आहे तोवर तिला जाता येणार नाही, असं मला वाटतंय, आणि दुसरं काही वाटून घ्यायची माझी हिंमत नाही.

खूप भ्यालेली तुझी,
राजी